जिनिंगच्या काट्यामागचा ओपनबीएसडी: एका राउटरचं प्रकरण

धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी राउटर म्हणून ओपनबीएसडी ही संगणकप्रणाली बसवली, त्याची ही हकिकत. जिनिंगचं नाव सांगत नाही. झालेल्या चुकांतल्या निम्म्या माझ्या आहेत, आणि उरलेल्या निम्म्या ज्यांच्या आहेत त्यांच्याकडूनच मला अजून लाइनी घ्यायच्या आहेत.

जुलै २०२४ मध्ये शेठचा फोन आला. मागच्या हंगामात दुपारी चार ते सातच्या दरम्यान नेट ‘बसायचं’. नेमकी तीच वेळ गाठी भरून ट्रक सुटायची. शंभर गाठींचा ट्रक दक्षिणेतल्या सूतगिरणीकडे निघायचा तर ई-वे बिल लागतं, आणि ते पोर्टल गोल गोल फिरत राहायचं. ड्रायव्हर चहा पिऊन यायचा, परत जायचा, परत यायचा. काट्यावरही तेच. पंधरा क्विंटल कापूस भरलेली पिकअप काट्यावर चढवून ठेवायची, पावतीची नोंद पुढे सरकणार नाही, आणि मागे गेटपर्यंत ट्रॅक्टरांची रांग. त्या हंगामाच्या ७,०२० रुपये हमीभावाने धरलं तरी एका पिकअपमध्ये लाखाच्या वर माल असतो. शेतकरी तो सोडून कुठे जाणार? तिथेच उभा राहून शिव्या घालायचा, आणि त्या आप्पांना ऐकाव्या लागायच्या. आप्पा म्हणजे तिथले मुनीम. वय साठच्या पुढे, बोलणं अहिराणी, आणि चोवीस वर्षांच्या वह्या तोंडपाठ.

आधी दुखणं कुठे आहे ते

लाइन फायबरची, ३० एमबीपीएसची. लाइनवाल्याचा माणूस दोनदा येऊन ‘आमच्याकडून ओके आहे’ सांगून गेला होता. लोक त्याच्यावर चिडले होते, पण तो खरं बोलत होता.

जुलैत जिनिंग बंद, म्हणून मी हंगामासारखी गर्दी मुद्दाम केली. रिकाम्या लाइनवर पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायचा वेळ, १८ मिलिसेकंद. मग शेठना म्हटलं, रोज उघडता तसे कॅमेरे मोबाइलवर उघडा. पुण्यात मुलाला उघडायला सांगा, सुरतेला जावईबापूंना सांगा. तिघांनी कॅमेऱ्यांचा पूर्ण दर्जाचा प्रवाह लावला आणि पिंग ९०० च्या वर गेला. पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, हरवत नव्हतं, फक्त एक सेकंद उशिरा पोचत होतं.

कॅमेरे बघू नका असं सांगण्यात अर्थ नव्हता. आवारात कापसाची गंजी असते आणि गंजीला आग लागली की काय होतं हे खान्देशात कुणाला समजवावं लागत नाही. शेठ झोपतानाही मोबाइल उशाशी ठेवतात.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. हा शब्द २०१० च्या सुमारास जिम गेटीसने रूढ केला. आप्पांना मी ते काट्यावरच समजावलं. रांगेत वीस ट्रॅक्टर आहेत आणि एक मोटरसायकलवाला आहे, त्याला फक्त पावतीवर सही हवी. रांग एकच असेल तर त्याला वीस ट्रॅक्टर तोलून होईपर्यंत थांबावं लागतं. स्वस्त राउटर हेच करतो, वरून आवार मोठं ठेवतो, म्हणजे रांग आणखी लांब होऊ देतो. ई-वे बिलाचं पान म्हणजे तो मोटरसायकलवाला. उपाय असा की प्रत्येक गावाची रांग वेगळी करायची आणि प्रत्येक रांगेतून आळीपाळीने एकेक सोडायचा. शिवाय एखाद्या रांगेतली गाडी फार वेळ खोळंबलेली दिसली तर तिच्या मालकाला ‘सावकाश पाठवा’ असा निरोप धाडायचा. एफक्यू-कोडेल म्हणजे एवढंच. त्यातलं कोडेल हे कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलं. रांगेत टिकून राहिलेला उशीर ५ मिलिसेकंदांच्या वर गेला की ते हालचाल सुरू करतं.

आप्पा म्हणाले, ‘मंग आम्ही काट्यावर अस काब्र करतस नही?’ काब्र म्हणजे का. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ओपनबीएसडीच का

इथे प्रामाणिक राहतो. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची प्रणाली घातलेल्या चार हजारांच्या राउटरनेही हे काम झालं असतं. त्यातही हीच रांगेची सोय आहे आणि खिडक्यांतून बटणं दाबून करता येते. मी ओपनबीएसडी घेतलं कारण मला ते येतं, आणि सगळी मांडणी एका कागदावर मावते म्हणून. पाच वर्षांनी तो वाचणाऱ्यालाही त्यातलं काही शोधत बसावं लागणार नाही असा माझा दावा होता. तो दावा कसा फसला ते पुढे येईल.

ही प्रणाली १९९५ मध्ये नेटबीएसडीतून थिओ डी राटने वेगळी काढली, कॅनडातल्या कॅलगरीहून. लांबच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला आमच्या धंद्यात रोज वापरतो ते ओपनएसएसएच याच लोकांचं. कोणतं पाकीट जाऊ द्यायचं आणि कोणतं अडवायचं ते ठरवणारी त्यांची भिंत, म्हणजे पीएफ, २००१ साली जन्माला आली, तीही भांडणातून: आधीच्या आयपीफिल्टरच्या परवान्यावरून वाद झाला, तो काढून टाकला, आणि डॅनियल हार्टमायरने नवा लिहिला. पीएफचे नियम वरून खाली वाचले जातात आणि शेवटी जो जुळतो त्याचं खरं. गावच्या बैठकीत असतं तसंच. कुणाला मध्येच विषय संपवायचा असेल तर ‘क्विक’ हा शब्द आहे.

यंत्र जुनंच घेतलं. पंखा नसलेला, १२ व्होल्टवर चालणारा छोटा संगणक, सेलेरॉन जे१९०० प्रोसेसर, इंटेलचे चार नेटवर्क पोर्ट, ४ जीबी मेमरी. साडेसहा हजारांत मिळाला. पंखा नसणं ही जिनिंगमध्ये चैन नाही, गरज आहे. रुईचे तंतू हवेत कायम असतात आणि पंखा असलेल्या कुठल्याही डब्यात दोन महिन्यांत गादी तयार होते. आधीचा काट्यावरचा संगणक मी उघडला तेव्हा आतून अक्षरशः उशीभर रुई निघाली.

वायफाय मात्र यातून दिलं नाही. ॲक्सेस पॉइंट म्हणून ओपनबीएसडी लंगडं आहे, नव्या वेगवान वायफायला तिथे वाव नाही. जुना राउटर तसाच ठेवून त्याला फक्त वायफायच्या कामाला लावलं. आणि लाइन एक गिगाबिटची असती तर या जुन्या प्रोसेसरवर हा खेळ मी सुचवलाच नसता. ३० एमबीपीएसला तो जांभया देतो.

बसवलं, आणि पहिल्याच दिवशी हसं झालं

ऑगस्टमध्ये ७.५ आवृत्ती घातली. चाळीस मिनिटांत नेट चालू झालं. शेठ खूश, मी जळगावला परतलो. दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन: गुगल चालतं, व्हॉट्सॲप चालतं, बँक अर्धी उघडते आणि थांबते.

चूक माझीच. फायबरची जोडणी पीपीपीओईवर, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडायच्या पद्धतीवर, होती. त्यात प्रत्येक पाकिटाला ८ बाइटांचं जादा वेष्टण लागतं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ च उरतात. समोरच्या सर्व्हरला हे कळवणारा निरोप वाटेत कुणी अडवला की तो मोठी पाकिटं पाठवत बसतो आणि ती इकडे पोचत नाहीत. छोटी पानं उघडतात, मोठी अडकतात. जोडणी जुळताना दोन्ही बाजू आपण केवढा तुकडा घेऊ ते सांगतात, तो आकडा राउटरने वाटेतच कमी करून द्यायचा असतो: १४९२ मधून ४० बाइट पत्त्यांचे वजा, म्हणजे १४५२ किंवा त्याहून थोडा खाली. जुना राउटर हे गुपचूप करत होता. ओपनबीएसडी गुपचूप काहीच करत नाही. पीपीपीओईच्या मॅन्युअल पानावर ही ओळ स्पष्ट लिहिलेली आहे आणि मी ते पान ‘मला येतं’ म्हणून उघडलंच नव्हतं. एक ओळ घातली, बँक उघडली.

मग रांग. वर जाणारा वेग दिलेल्या ३० ऐवजी संध्याकाळी २१-२२ च भरत होता, म्हणून मी हद्द १८ वर बांधली. हे महत्त्वाचं आहे. रांग आपल्या दारात लागली पाहिजे, लाइनवाल्याच्या दारात नव्हे. तिथे लागली की आपल्या हातात काही राहत नाही. पुन्हा तिघांनी कॅमेरे उघडले. पिंग तीसच्या आसपास राहिला. कॅमेऱ्याचं चित्र किंचित अडखळायला लागलं, ते शेठनी ओळखलंही, पण ट्रक सुटत होते.

बाकीचं झटपट सांगतो. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि हजेरीचं मशीन वेगळ्या पोर्टवर, तिथून ऑफिसात पाऊल नाही. गच्चीवर ४जीचा दुसरा राउटर. फायबर मेलं की एक पहारेकरी सेवा वाट बदलते. लाइनवाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता देत नाही, १००.६४ ने सुरू होणारा सामायिक पत्ता देतो, त्यामुळे बाहेरून आत येता येत नाही. म्हणून भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला आणि जिनिंगचा डबाच त्याला वायरगार्डने, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेल्या बंदिस्त वाटेने, हाक मारून ठेवतो. वायरगार्ड ओपनबीएसडीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २०२० पासून आहे, वेगळं काही घालावं लागलं नाही. लांबून पीएफचे नियम बदलताना मी आधी ‘पाच मिनिटांनी जुने नियम परत लाव’ असं काम लावून ठेवतो. स्वतःच्याच हाताने स्वतःला कोंडून घेतलं तर पाच मिनिटांनी दार उघडतं. जळगावहून धरणगावला केवळ एका ओळीसाठी एसटीने जाऊन आलेल्या माणसाचा हा सल्ला आहे.

नोव्हेंबरची संध्याकाळ

दिवाळी झाली, काटापूजन झालं, हंगाम सुरू. तीन आठवडे एकही फोन नाही. मग एका मंगळवारी संध्याकाळी सात दहाला आप्पा: ‘भाऊ, लाइट गयथी, उनी, परत गई, परत उनी. आते नेट नही.’

डब्यावरचा दिवा चालू होता. पोर्टांचे दिवे लागत नव्हते. आंधळ्यासारखं फोनवर काही करता येईना, म्हणून काट्यावरचा मॉनिटर काढून डब्याला लावायला सांगितला. कीबोर्ड जुन्या गोल पिनेचा निघाला, डब्याला तसं छिद्र नाही. टॅलीच्या मशीनचा यूएसबी कीबोर्ड आणला. तोवर बाहेर हॉर्न सुरू झाले होते, मला फोनमधून ऐकू येत होते. मॉनिटर लागला आणि आप्पांनी नाकावर चष्मा ओढून एकेक अक्षर वाचायला घेतलं. त्यांना इंग्रजी अक्षरं येतात, शब्द जुळवावे लागतात. ‘ऑटोमॅटिक... फाइल... सिस्टिम... चेक... फेल्ड.’ मग थांबले. ‘भाऊ, पुढे हेल्प लिखेल शे. हाई आपलाकडे मदत मांगी राह्यनं का?’

हो. ओपनबीएसडी सुरू होताना डिस्क तपासतं. साधी गडबड स्वतः निस्तरतं, पण गडबड जरा वेगळी दिसली की ‘हेल्प!’ लिहून थांबतं आणि माणसाची वाट बघतं. माणूस जळगावला पोळी-भाजी खात होता.

‘आप्पा, एंटर दाबा. आता लिहा: एफ. एस. सी. के. आता मोठं बटण, जागा सोडा. आता आडवी रेघ, छोटी.’

‘कोणती? खालची का मधली?’

‘मधली. मग वाय. एंटर.’

पडद्यावरून ओळी धावल्या. संपल्यावर ‘एक्झिट’ लिहायला लावलं. पोर्टांचे दिवे लागले. सगळं मिळून सत्तावन्न मिनिटं गेली, त्यातली पन्नास कीबोर्ड शोधण्यात आणि अक्षरं वाचण्यात.

असं का झालं

ओपनबीएसडीची फाइल व्यवस्था बर्कलीची जुनी एफएफएस. तिच्यात जर्नल नाही. म्हणजे लिहिता लिहिता लाइट गेली तर ‘मी इथपर्यंत आलो होतो’ अशी खूण कुठे नसते, सगळी वही पुन्हा तपासावी लागते. थोडा आधार देणारी सॉफ्ट अपडेट्सची सोयही २०२३ च्या ७.४ मध्ये बंद झाली. याउलट दीड हजाराच्या राउटरमध्ये बहुतेक फाइल व्यवस्था मुळात फक्त वाचायची असते. दिवसातून वीस वेळा बटण बंद करा, तो तसाच उठतो. ज्या गुणाला मी कधी गुण मानलं नव्हतं तो हा.

पण राउटर लिहितो तरी काय एवढं? इथे मला उशिरा उजेड पडला. २०१७ च्या ६.२ पासून ओपनबीएसडी प्रत्येक वेळी सुरू झालं की मागच्या बाजूला आपला गाभा नव्या क्रमाने पुन्हा जोडून डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी हल्लेखोराला आतला नकाशा ठाऊक नसावा. हुशारीची गोष्ट आहे. आपल्याकडे लाइट मात्र एकदा जाऊन येत नाही. ती येते, दीड मिनिट राहते, पुन्हा जाते, मग खरी येते. नेमक्या त्या दीड मिनिटात डबा सर्वांत जास्त लिहीत असतो. दुरुस्तीत बिघडलेल्या नोंदी निघाल्या त्याही त्याच भागातल्या.

आणि हो, ऑफिसला इन्व्हर्टर होता. डब्याचा प्लग त्याच्या बाहेरच्या बोर्डावर होता. ऑगस्टमध्ये मी फक्त रिकामं सॉकेट बघितलं, ते कुठून येतं ते बघितलं नाही.

मग काय केलं

प्लग हलवला, हे पहिलं. पण इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या, म्हणून डबा आणि फायबरचं यंत्र या दोघांसाठी १२ व्होल्टचा वेगळा छोटा यूपीएस, अठराशे रुपये.

प्रणालीचा बराचसा भाग वाचण्यापुरता ठेवला. नोंदी आणि तात्पुरत्या फाइली मेमरीत, नोंदींची एक प्रत भाड्याच्या सर्व्हरवर. याने गाभा नव्याने जोडणं थांबलं. सुरक्षेतलं एक चांगलं कवच मी स्वतःच्या हाताने काढलं, हे मान्य. पॅच लावायच्या दिवशी डिस्क लिहिती करतो तेव्हाच तो जोडला जातो. ओपनबीएसडीचे कट्टर लोक नाक मुरडतील. त्यांनी एकदा सात वाजता काट्यावर उभं राहावं.

सुरू होण्याच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली, म्हणजे गडबड कशीही असो, ‘हो’ धरून पुढे जा. हा बदल नवी आवृत्ती घातली की पुसला जातो, कारण ती फाइल मूळ संचातली आहे. आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि आधार फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना. ऑक्टोबरची आवृत्ती आपल्या हंगामाच्या तोंडावर पडते, तेव्हा हात लावायचा नाही. म्हणून जून २०२५ मध्ये जिनिंग शांत असताना दोन पायऱ्या लागोपाठ चढलो: ७.५ वरून ७.६, तिथून ७.७. मधली पायरी गाळता येत नाही. दोन्ही वेळा मिळून तासही लागला नाही, आणि ती एक ओळ परत घालायला मी विसरलो. आठवली ती घरी, डाळबट्टी खाताना. वायरगार्डवरून घातली.

पण या सगळ्यापेक्षा जास्त काम एका कागदाने केलं. एक स्वस्त नवा राउटर घेतला, त्यात लाइनचा पासवर्ड आणि तेच आतले पत्ते भरून ठेवले, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आप्पांच्या गादीमागच्या कपाटात ठेवला. वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. कागदावर मी लिहिलं होतं, ‘फायबरची केबल पोर्ट शून्यातून काढावी’. आप्पांनी वाचलं, पेन काढलं, ते खोडलं आणि वर लिहिलं: ‘लाल पट्टीची वायर काढणे. पांढऱ्या डब्यात निळ्या भोकात घालणे. चहा पिऊन येणे.’ चहा यासाठी की मी ‘पाच मिनिटं थांबा’ म्हटलं होतं आणि पाच मिनिटं कुणी थांबत नाही. तो कागद अजून तसाच भिंतीवर आहे.

माझा ‘एका कागदावर मावणारी मांडणी’ हा दावा कुठे फसला ते इथे उमगलं. ४१ ओळींची पीएफची फाइल खरंच सुंदर होती, पण त्या गावात ती वाचणारं कुणी नव्हतं.

डिसेंबर

दुसऱ्या हंगामात, डिसेंबर २०२५ च्या एका सोमवारी, मी दुसऱ्या कामासाठी धुळ्यात होतो. दुपारी आप्पांचा फोन. आधी कापसाचे भाव झाले, मग माझ्या मुलाची परीक्षा झाली. मग म्हणाले, ‘तुमना काळा डबा कपाटमा ठेयेल शे. सवड व्हई तव्हय या.’

डबा शुक्रवारी रात्री बंद पडला होता. यूपीएस ठीक, डिस्क ठीक. त्याला वीज देणारा अडॅप्टर जळाला होता, चारशे रुपयांचा. आप्पांनी लाल पट्टीची वायर काढली, निळ्या भोकात घातली, चहा पिऊन आले. शनिवारी दोन ट्रक गेले. रविवार सुट्टी. सर्व्हरकडून मला शुक्रवारीच सूचना आली होती, मी ती लाइट गेल्याची समजून पुढे सरकवली.

‘नेट कसं आहे?’ मी विचारलं.

‘चाली राह्यनं,’ आप्पा म्हणाले. ‘चारनंतर जरासं बसस. पण घाई नका करा.’

मी बुधवारी गेलो.